कलेजीची बादली

अगं ब्रॉनिन, हातातलं सगळं खाली ठेव आणि नुसतं ऐक. मध्ये "मग? मग?" करायचं नाही, मी सांगतेच आहे. आणि नावं सगळी बदलली आहेत हं. वकिलाच्या ऑफिसात काम करते मी, जीभ कापून ठेवायला लागते. तू आता लांब व्हिक्टोरियाला राहतेस म्हणून तुला सांगतेय. ओळखलंस तरी ओळखलं नाही असं दाखव.

१

गुरुवार, सकाळचे सव्वानऊ. आमच्या वकीलबाई कोर्टासाठी रेजायनाला गेलेल्या. ऑफिसात मी आणि एडना आंटी. हो, तीच, चाळीस वर्षं शाळेची बस चालवणारी. आता निवृत्त होऊन आमच्याकडे फोन घेते आणि लोकांच्या दारात जाऊन कोर्टाचे कागद देऊन येते.

दार उघडलं आणि लारिसा आत आली. काखेत आइस्क्रीमची बादली. ती चार लिटरची, पांढरी, जी आपल्या प्रत्येकीच्या घरी दहा-बारा असतात आणि एकीतही आइस्क्रीम नसतं. वर चिकटपट्टी, पट्टीवर मार्करनं लिहिलेलं, 'कलेजी'.

"आणली," लारिसा म्हणाली. चेहरा बघ, रात्रपाळी करून आलेला, तरी हसरा. "सगळं ह्यात आहे. वकीलबाईंनी मे महिन्यात यादी दिली होती ना, घर सोडायच्या आधी काय काय जमवून ठेवायचं ती? एकूण एक जमवलंय."

आता हे समजून घे, नाहीतर पुढची मजा जाईल. लारिसा आणि लाइल एप्रिलपासून वेगळे. वेगळे म्हणजे काय, तर ती घरात आणि तो अंगणातल्या कॅम्पर ट्रेलरमध्ये. घटस्फोटाला वर्षभर वेगळं राहावं लागतं, ते वर्ष चालू झालंय. पण मुलीची शाळा वर्षभर थांबत नाही, ती सप्टेंबरात सुरू होते. मुलगी एमरी, आठ वर्षांची. कानाला मशीन आहे, दर मंगळवारी बोलण्याच्या थेरपीसाठी पन्नास मिनिटं गाडी हाकत यॉर्कटनला न्यावं लागतं. लारिसाला तिथंच हॉस्पिटलात दिवसपाळीची नोकरी मिळाली. म्हणजे मायलेकी तिकडे जाणार, शाळा तिकडे, थेरपी चालत पाच मिनिटं. लाइल म्हणतो, मुलगी शेत सोडून कुठं जाणार नाही. तिचं सगळं माझी आई बघते, मंगळवारी यॉर्कटनलासुद्धा आईच नेते. आणि तसं त्याच्या आईनं शपथेवर लिहून सहीसुद्धा केलेली.

लारिसाकडे त्याला एकच उत्तर होतं. वही. तीन वर्षं रोजच्या रोज लिहिलेली. कुणी डबा भरला, मशीनचे सेल कुणी बदलले, मंगळवारी कुणी नेलं. वकीलबाई म्हणालेल्या, "शुक्रवारी चार वाजेपर्यंत ही वही कोर्टात गेली पाहिजे. एमरी कुठं राहणार ते ह्या वहीवर आहे."

"बरं झालं, घरात ठेवलं नाहीस कुठं कपाटात," मी म्हटलं.

"कपाटात? वेडी का! तळघरातल्या डीप फ्रीजरमध्ये, सगळ्यात खाली. कलेजी म्हटल्यावर आमच्या घरात कोणी बोटसुद्धा लावत नाही."

तिनं झाकण उघडलं, वरचा रुमाल उचलला.

आत पेरोगी. ब्रॉनिन, शप्पथ. करंजीसारख्या, आत बटाटा भरलेल्या, मैदा भुरभुरलेल्या, गोठून दगड झालेल्या पेरोगी. काठोकाठ.

२

लारिसा ओरडली नाही. खुर्चीत बसली. मग एकेक पेरोगी काढून टेबलावर ठेवायला लागली, जणू तळाशी वही सापडणार आहे. मला ते बघवेना.

"कॉपी?" एडना आंटीनं विचारलं.

"नाही."

"एकसुद्धा नाही?"

"लोकांसाठी झेरॉक्सचं मशीन गावात एकच, लायब्ररीत. आणि लायब्ररीत कोण बसतं? लाइलची आत्या! फोनवर फोटो काढावेत, तर ते आपोआप एमरीच्या टॅबवर उमटतात आणि टॅब घेऊन ती बापाकडे जाते. म्हणून तर फ्रीजर."

जन्माचा दाखला, पासपोर्ट, घराचे कागद, सगळं पुन्हा काढता येतं. वही कुठून काढणार?

"आता ताबा गेला माझा," लारिसा म्हणाली.

"ताबा म्हणायचं नाही," एडना आंटी म्हणाली. "मुलगी आहे, ट्रॅक्टर नाही. कायद्यानंपण तो शब्द काढून टाकलाय. शेवटचं कधी बघितलं होतंस आत?"

"शनिवारी. कागद होते. आज सकाळी नुसती उचलली आणि आले. पट्टी तीच होती, माझं अक्षर, उघडून कशाला बघू?"

"घरात कोण कोण येतं?"

"लाइल नाही येत, पण किल्ली आहे त्याच्याकडे. माझी बहीण रॉक्सी रविवारी आलेली, एमरीजवळ बसायला. आणि सासूबाई. अंगणापलीकडे राहतात, फ्रीजर आमचा समाईकच आहे."

"बादलीचं कोणाला माहीत होतं?"

"रॉक्सीला. फक्त रॉक्सीला."

तिला घरी झोपायला पाठवलं. दार लागलं आणि एडना आंटीनं काय केलं असेल? मागच्या खोलीत गेली, पाणी उकळत ठेवलं आणि सहा पेरोगी आत सोडल्या.

"आंटी! पुरावा आहे तो!"

"मग? पुरावा तपासायचा असतो." लोणी टाकून खाल्ल्यापण. मलापण तीन दिल्या. "मुरड बघ. दोरीसारखी, बारीक. आपल्या चर्चच्या तळघरात अशी मुरड आता एकच बाई घालते. स्टेफानिया."

"म्हणजे सासू! झालं की!"

"काय झालं? चर्चची विक्री दर महिन्याला असते. स्टेफाच्या हातच्या पेरोगी अख्ख्या गावाच्या फ्रीजरमध्ये आहेत. तुझ्या आईच्यासुद्धा. मुरडीवरून काही ठरत नाही." मग तिनं बादलीतून बाहेर काढलेल्या वस्तू पुन्हा बघितल्या. थरांमध्ये बटर पेपर, नीट कापलेला. आणि सगळ्यात वर ठेवलेला, धुतलेला, चौकोनी घडीचा रुमाल. त्या रुमालाकडे ती इतका वेळ बघत राहिली की मला वाटलं झोपली.

"चल," म्हणाली. "लाइलला कागद द्यायचेच आहेत आज. आणि लक्षात ठेव, त्याला त्याचा वकील आहे. केसबद्दल आपण एक शब्द काढायचा नाही. एक शब्दसुद्धा."

"मग विचारायचं काय?"

"गहू कसा आलाय ते."

३

लाइल शेताच्या कडेला कापणीच्या मशीनखाली झोपलेला, नुसते बूट बाहेर. एडना आंटीनं बुटांशी बोलायला सुरुवात केली.

"गहू छान आलाय रे."

"आलाय खरा." तो सरपटत बाहेर आला. तोंडभर ग्रीस. पाकीट बघितलं आणि चेहरा पडला. "एडना आंटी, तुम्ही मला बसमधून शाळेत न्यायचात. आता हे आणून देता."

"तेव्हापण तू रडतच चढायचास."

हसला गं तो. मला त्याचा राग येईना, हा माझा केवढा प्रॉब्लेम! मी राग करायचाच असं ठरवून गेले होते. कारण त्याच्या कॅम्परमागे काय दिसलं माहितीये? कचरा जाळायचं पिंप. धूर निघत होता. आणि काठावर अर्धवट जळालेला कागदाचा तुकडा, निळ्या रेघांचा. वहीचा!

मी आंटीला कोपरानं ढोसलं. तिनं मला परत ढोसलं, म्हणजे गप्प.

"जेवणाचं काय करतोस?" तिनं विचारलं.

"आई देते. एप्रिलपासून त्या घरात मी पाऊल नाही टाकलं. एमरीला पायरीवरूनच घेतो. त्या बाईला वाटतं मी..." तो थांबला. मग एकदम बोलायला लागला, जसं कुणी विचारावं ह्याचीच वाट बघत होता. "मी खोटं लिहून दिलेलं नाही, आंटी. दर मंगळवारी दुपारी मी ह्याच शेतात असतो. आईची ती मरून गाडी ह्या रस्त्यानं यॉर्कटनला जाते. मी ह्या डोळ्यांनी बघतो. धूळ उडते, एमरी मागून हात करते. मग कोण नेतं सांगा?"

एडना आंटी म्हणाली, "पाऊस लांबला तर बरं."

"मी आईला म्हटलं पण, तुला झेपत नाही तर सांग. आजकाल जिना चढताना दम लागतो तिला. तर म्हणते, मंगळवारचं बघू आपण."

निघताना मी मुद्दाम पिंपाजवळून गेले आणि तो तुकडा पाहिला. बियाण्यांच्या दुकानाचं बिल. निळ्या रेघांचं. माझं तोंड बघायला हवं होतंस.

गाडीत बसल्यावर म्हटलं, "म्हणजे लाइल नाही."

"लाइल तर नाहीच. लाइल असता तर बादली रिकामी असती."

"म्हणजे?"

सांगेल तर ती एडना आंटी कसली!

४

रॉक्सीचं सलून दुपारी रिकामं. आम्ही आत गेलो आणि ती केस विंचरायचा कंगवा उगारूनच उभी.

"माझ्यावर ढकललंय ना? सकाळीच फोन आला तिचा. 'तूच घेतलंस,' म्हणे. सख्खी बहीण!"

"घेतलंस का?" आंटी खुर्चीत बसली, म्हणाली, "मागून जरा कमी कर."

"नाही!" कचकच कात्री चालायला लागली. "हो, मला ती यॉर्कटनला जायला नको आहे. हो, मी म्हटलं होतं, 'जाळ ती वही, दोघं एकदा समोरासमोर बसा.' रागात म्हटलं. पण मी बिनतयारीनं घर सोडलेली बाई आहे, आंटी. दोन काळ्या पिशव्या घेऊन निघाले होते. नऊ वर्षं झाली, माझ्या पोराचे लहानपणचे फोटो अजून नवऱ्याच्याच माळ्यावर आहेत. मी तिची वही चोरीन?"

कात्री थांबली. आरशात तिचे डोळे लाल झालेले.

"रविवारी फ्रीजर उघडला होतास?"

"पाव काढायला. एमरीला भूक लागलेली."

"कलेजीची बादली होती तिथं?"

रॉक्सी विचारात पडली. "थांबा. पाव तळाशी होते. मी सगळं उपसलं. वाटाणे, रुबार्बचे देठ, हरणाचं मटण..." तिनं माझ्याकडे बघितलं. "नव्हती. रविवारी दुपारी कलेजीची बादली तिथं नव्हतीच!"

म्हणजे शनिवारी होती, रविवारी नव्हती आणि गुरुवारी परत होती. मी तर उभ्या उभ्या गार पडले. नेली, आणि आणून ठेवली? असा कुठला चोर असतो?

एडना आंटीनं मानेवरचे केस झटकले. "स्टेफा येते का गं तुझ्याकडे?"

"जुलैत आली होती. ड्रायरखाली बसल्या बसल्या चक्कर येऊन पडली. मी घाबरलेच. अंगात रक्त नाही म्हणे. गोळ्या दिल्यात लोहाच्या, पण त्या पचत नाहीत म्हणून डॉक्टरनं सांगितलंय..."

"काय सांगितलंय?" आंटीनं विचारलं, पण तिचा चेहरा असा होता की तिला उत्तर आधीच माहीत होतं.

"कलेजी खा म्हणून."

५

गाडी परत लाइलच्या, म्हणजे हॅवरिलकांच्या, शेताकडे वळली आणि मग एडना आंटी बोलली.

"बघ हं. तुला कुणाला फसवायचंय. वर कलेजी लिहिलंय. आत काय भरशील?"

"कलेजी. नाहीतर रद्दी."

"बरोबर. उघडल्याबरोबर कळेल असं काही भरणार नाहीस. आणि बटर पेपर कापून थर लावणार नाहीस, वर धुतलेला रुमाल ठेवणार नाहीस. ती बादली कुणी फसवायला भरलीच नव्हती, पोरी. ती परत द्यायची म्हणून भरली होती. तुझी आजी कधी कुणाची बादली रिकामी परत पाठवायची का?"

ब्रॉनिन, तू सांग, पाठवायची का? मेली असती पण पाठवली नसती! लाजेनं मान खाली गेली असती. आपल्याकडच्या त्या पिढीत कुणीच नाही पाठवत. मी तो रुमाल बघून 'चोर फार नीटनेटका आहे' एवढाच विचार केला होता.

"लारिसा म्हणाली, आमच्या घरात कलेजी कोणी खात नाही," आंटी म्हणाली. "घरात नाहीच खात. पण फ्रीजर दोन घरांचा आहे."

स्टेफा आजीचं दार उघडंच होतं. स्वयंपाकघरात शेगडीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत दोरी बांधलेली आणि दोरीला कपड्यांचे चिमटे. कपडा एकही नाही. टेबलावर इस्त्री, दोन पंचे, आणि पंच्यांच्या मधे वहीचं एक पान.

आजी इस्त्री करत होत्या. बाकीची पानं शेजारी, क्रमानं, एकावर एक.

"आलात?" आम्हाला बघून त्या म्हणाल्या. दचकल्या नाहीत. "मला वाटलं ती स्वतः येईल. बुधवारी बादली ठेवली. म्हटलं, झाकण उघडेल, माझ्या पेरोगी ओळखेल आणि येईल भांडायला. आलीच नाही. म्हटलं, फारच चिडली असेल."

"तिनं उघडलीच नाही, स्टेफा," एडना आंटी म्हणाली. "आज आमच्या टेबलावर उघडली."

"अगं बाई!" आजींनी इस्त्री बाजूला ठेवली आणि तोंडावर हात घेतला. "वकिलासमोर माझ्या पेरोगी!"

मग त्यांनी सांगितलं. शनिवारी संध्याकाळी कलेजी म्हणून बादली उचलली, घरी आणून वितळायला सिंकमध्ये गरम पाण्यात ठेवली. झाकण सैल होतं, पाणी आत गेलं. उघडून बघतात तर कागद, भिजलेले. चिकटलेली पानं एकेक सोडवायची, टांगायची, वाळवायची.

"ओले परत कसे देणार? म्हणून इस्त्री. मला काही वाचायचं नव्हतं. पण इस्त्री फिरवताना डोळे मिटता येतात का?"

"काय वाचलंत?" मी विचारलं.

त्यांनी एक पान माझ्याकडे सरकवलं. लारिसाचं अक्षर. 'मंगळवार. आज आजींनी नेलं. एमरी त्यांच्याबरोबर जास्त बोलते, मला हेवा वाटतो.'

"प्रत्येक वेळी मी नेलं ते तिनं लिहून ठेवलंय," आजी म्हणाल्या. "तीन वर्षांत अकरा वेळा. मला वाटत होतं शंभर वेळा तरी असेल. बाकी सगळे मंगळवार तीच गेली. तिच्या गाडीचे टायर खडीवर टिकत नाहीत म्हणून माझी गाडी न्यायची. लाइलला गाडी दिसते, गाडीत कोण आहे ते दिसत नाही. आणि त्याच्या वकिलानं वाचून दाखवलं, 'दर मंगळवारी आजी नेतात,' तेव्हा मी मान हलवली. कुणाला आवडणार नाही असं ऐकायला?"

बाहेर मशीनचा आवाज चालू होता.

"मी बायबलवर हात ठेवून खोटं बोलले, एडना. आणि खरं बोलले तर माझ्या पोराच्या विरुद्ध बोलले. नात जाईल ती वेगळीच. चार दिवस एवढंच चाललंय डोक्यात. म्हणून इस्त्री संपवत नव्हते."

एडना आंटीनं पंच्यांमधलं शेवटचं पान हळूच काढलं, बाकीच्या पानांवर ठेवलं. "इस्त्री झाली, स्टेफा," एवढंच म्हणाली.

६

लारिसाला गठ्ठा दिला तेव्हा ती आधी हसायला लागली. "माझ्या वहीला इस्त्री केली?" मग ते 'हेवा वाटतो' लिहिलेलं पान वर आलं आणि हसू गेलं. तिथल्या तिथे रॉक्सीला फोन लावला. दोघी काय बोलल्या मला माहीत नाही, पण पाऊण तास फोन चालू होता आणि पहिली दहा मिनिटं नुसती रडारड.

शुक्रवार. वकीलबाई परत आल्या. वही टाइप, कागद तयार, मी धावतेय. तीन वाजून वीस मिनिटांनी ऑफिसासमोर मरून गाडी थांबली. स्टेफा आजी उतरल्या. चर्चला जायचा कोट, ऑगस्टात!

"माझं आधीचं म्हणणं चुकलं," त्या वकीलबाईंना म्हणाल्या. "दुरुस्त करायचंय."

वकीलबाईंनी सगळं नीट सांगितलं. तुमच्यावर कुणाची सक्ती नाही, हवं तर तुम्ही आधी दुसऱ्या वकिलाला विचारा, मुलाला विचारा.

"मुलाला सकाळी सांगितलं. तो म्हणाला, 'आई, खरंच तू नव्हतीस गाडीत?' मी म्हटलं, नव्हते. मग म्हणाला, जा, लिहून दे."

एक पानभर मजकूर. अकरा मंगळवार माझे, बाकीचे तिचे. शपथ घेतली. सही केली. चार वाजायला सहा मिनिटं होती तेव्हा कागद कोर्टात पोचले.

पुढचं झटपट सांगते. सोमवारी लाइलच्या वकिलाचा फोन आला, भांडायचं नाही, बोलायचंय. एमरी आठवडाभर यॉर्कटनला आईकडे, शुक्रवार ते रविवार शेतावर बापाकडे. एवढ्यावर दोघं तयार. आता फक्त कुठला दिवस कुणाचा ते रकाने भरायचे आणि सह्या. झालं, जिंकलो, केक आणा, असं मला वाटायला हवं ना?

पण शुक्रवारी सही झाल्यावर काय झालं ते मी कुणालाच सांगितलेलं नाही. एडना आंटीलापण नाही. वकीलबाई आत, आंटी कागद घेऊन पळालेली. आजी बाहेर माझ्या टेबलाशी कोटाची बटणं लावत होत्या. खाली बघतच म्हणाल्या, "तिकडे गेल्यावर मंगळवार कुणाचा ठेवणार आहेत गं?"

मी म्हटलं, "अजून ठरलं नाही, आजी."

"अकरा तर अकरा. पण त्या अकरा मंगळवारी एमरी पूर्ण रस्ताभर माझ्याशी बोलायची. घरात नाही बोलत तेवढी." मग एकदम माझा हात धरला. "विचारू नकोस हं कुणाला. लारिसाला तर अजिबात नाही. सही केली आणि लगेच मंगळवार मागितला, असं होईल. खरं बोलल्याचं काही घ्यायचं नसतं. वचन दे."

आणि मी दिलं. वचन देऊन बसले! समोर म्हातारी बाई हात धरून उभी, मी काय करणार होते?

तर आज. आज सकाळी लारिसा माझ्यासमोर बसलेली, मी रकाने भरतेय. सोमवार आई. मंगळवार... ती म्हणाली, "मंगळवारी थेरपी आता घराजवळच आहे, मीच चालत नेईन. आई लिही." अगदी सहज. तिच्या मनात वाईट काही नाही, तिच्या डोक्यातच आलं नाही. आणि तिला नुसतं कळलं ना, तरी ती देईल गं, मला खात्री आहे, ती 'हेवा वाटतो' असं लिहिणारी बाई आहे. पण मी बोलले तर आजींनी जे फुकट दिलं त्याची मी पावती फाडली. आणि नाही बोलले तर तो रकाना पोरगी मोठी होईपर्यंत तसाच राहील.

माझी बोटं की-बोर्डवर. मी लिहीना. लारिसानं वर बघितलं.

"काय झालं? काही राहिलंय का?" तिनं विचारलं.

ब्रॉनिन, खरं सांग. तू काय केलं असतंस?